उपग्रहाचं पाणी, बाटलीतलं पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने डिसेंबर ते फेब्रुवारीत जयगडच्या खाडीत तीन फेऱ्या केल्या. दर फेरीत १२ ठिकाणी पाण्याचे नमुने घेतले, सकाळी ७ ते दुपारी २ या वेळात. प्रयोगशाळेत क्लोरोफिल-ए (शेवाळातलं हिरवं द्रव्य) आणि तरंगता गाळ मोजला. त्याच दिवसांच्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमांतून हेच दोन आकडे काढले आणि आलेख मांडला, तर ठिपके आकाशभर विखुरलेले. आर-वर्ग (ठिपके रेषेशी किती जुळतात त्याचं माप, पूर्ण जुळले तर १) जेमतेम ०.२, आणि उपग्रहाचं क्लोरोफिल बऱ्याच ठिकाणी लॅबच्या तिप्पट. गाइड म्हणतात, लॅबचं खरं, उपग्रहाचं टाकून द्या. मित्र म्हणतो, मशीन लर्निंग लाव, जुळेल. कोणाचं ऐकू?

सध्या दोघांचंही नको. कुठला आकडा खरा, हे ठरवण्याआधी एक गोष्ट तपासायची असते: दोघांनी एकच पाणी मोजलं होतं का? तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, ३६ पैकी निम्म्याहून अधिक जोड्यांत ते वेगवेगळं पाणी होतं.

पण सुरुवात पाच मिनिटांच्या कामापासून करा. सेंटिनेल-२ च्या फाइलमधले आकडे परावर्तनात बदलताना तुम्ही थेट १०,००० ने भागले का? २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्थेने प्रक्रियेची पद्धत बदलली आणि प्रत्येक आकड्यात १,००० ची भर घालायला सुरुवात केली. भागाकाराआधी ती वजा करावी लागते. जमिनीवर, शेतावर काम करणाऱ्याला ही चूक निदान डोळ्यांना खटकते. पाण्यावर ती सगळंच बुडवते, कारण पाण्याचं परावर्तन मुळात दोन-चार टक्के आणि ही भर दहा टक्क्यांची. उदाहरण घ्या. ७०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशपट्ट्यात खरा आकडा ७०० आणि ६६५ च्या पट्ट्यात ४००. फरक भागिले बेरीज केली की ०.२७ येतं, म्हणजे शेवाळ भरपूर. वजाबाकी विसरलात तर तेच १,७०० आणि १,४०० होतात आणि उत्तर ०.१० च्या खाली जातं. सगळी खाडी सपाट, एकसारखी दिसायला लागते. गुगल अर्थ इंजिन या ऑनलाइन प्रतिमा-सेवेतला ‘हार्मोनाइज्ड’ संग्रह घेतला असेल तर हे काम आधीच झालेलं असतं, तिथे पुन्हा वजा करू नका. अशा दुहेरी वजाबाकीचे दोन प्रबंध माझ्याकडे तपासायला आले आहेत.

हे निस्तरल्यावर पंचांग उघडा. थट्टा नाही.

मी या कामात आलो त्या वर्षी होडीवरच्या तांडेलाने मला पहिला प्रश्न विचारला तो ‘तिथी बघून आलात का?’ हा. मी उपग्रहाच्या फेरीची वेळ मिनिटापर्यंत पाठ करून आलो होतो. तिथी मला ठाऊक नव्हती. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे. मुंबईत भरती थोडी उशिरा, दक्षिणेकडे सरकाल तशी लवकर. प्रबंधात भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकंच वापरा. पण डोक्यात चित्र उभं राहायला पाऊणपट पुरते.

आता यात उपग्रह बसवा. सेंटिनेल-२ आपल्या किनाऱ्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो, आणि नेहमी त्याच सुमारास, कारण त्याची कक्षा सूर्याशी बांधलेली आहे. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला, उधाणाच्या दिवशी, त्याला खाडी काठोकाठ भरलेली दिसते. बाहेरून आत आलेलं, त्यातल्या त्यात स्वच्छ समुद्राचं पाणी. उधाणाची जोरदार ओहोटी लागते दुपारी एक ते चारच्या दरम्यान. खाडीच्या वरच्या अंगाचा गाळ, तिवरांतलं चहासारखं पाणी, काठावरची घाण, सगळं घेऊन ती बाहेर पडते. ते उपग्रहाला कधीच दिसत नाही. तोवर तो शेकडो मैल लांब गेलेला असतो. उलट अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या दिवसांत, अकरा वाजता ओहोटी सरत आलेली असते. तेव्हा खाडी रिकामी दिसते, पण पाण्याला जोर नसल्याने तळाचा गाळ फारसा उचललेला नसतो.

म्हणजे उपग्रहाचा वर्षभराचा ‘सरासरी गढूळपणा’ ही खाडीची सरासरी नाहीच. ती अकरा वाजताच्या खाडीची सरासरी आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढगांमुळे प्रतिमा जवळपास मिळत नाहीत, आणि नद्या गाळ आणतात तो मुख्यतः त्याच चार महिन्यांत. तेव्हा नेमकं बोलायचं तर ती कोरड्या ऋतूतल्या अकरा वाजताच्या खाडीची सरासरी आहे.

याच्या पुढचं मला कळायला बरीच वर्षं लागली. सेंटिनेल-२ ची जोडी एका जागेवरून दर ५ दिवसांनी जाते. उधाण ते उधाण हे चक्र पावणेपंधरा दिवसांचं. उपग्रहाच्या तीन फेऱ्या म्हणजे १५ दिवस. जवळजवळ जुळतं, पूर्ण नाही. त्यामुळे एखाद्या हंगामात तो पंचमी, दशमी आणि पौर्णिमेला येऊ लागला, तर पुढचे काही महिने त्याच तिथींच्या आगेमागे येत राहतो. तीन महिन्यांत त्याची तिथी जेमतेम दीड दिवसाने सरकते. पंचमीला अकरा वाजता भरती नुकती चढू लागलेली असते, दशमीला ओहोटी मध्यावर, पौर्णिमेला खाडी भरलेली. एका हिवाळ्यात तुम्हाला खाडीची हीच तीन चित्रं आलटूनपालटून मिळतात. दोन कक्षांच्या पट्ट्यांची सरमिसळ होते त्या भागात फेऱ्या जास्त मिळतात, पण वाजतात अकराच. दोन वर्षांच्या प्रतिमांची तुलना करून कुणी ‘यंदा पाणी सुधारलं’ म्हणालं की मी आधी दोन्ही तारखांच्या तिथी विचारतो. निम्म्या वेळा पाणी सुधारलेलं नसतं, भरती असते.

तुमच्या तीन फेऱ्यांच्या तारखा ताडून पाहा. सकाळी सातला तोंडाशी घेतलेला नमुना आणि अकराची प्रतिमा यांत चार तास गेले. उपग्रह आणि बाटलीच्या जोड्या कशा निवडाव्यात याचे निकष नासाच्या बेली आणि वर्डेल यांनी २००६ साली मांडले. त्यात वेळेचा फरक मागेपुढे ३ तासांपर्यंत चालतो, आणि सगळे जण ते डोळे मिटून उचलतात. ते निकष खुल्या समुद्रासाठी होते, किलोमीटरभर रुंदीच्या चौकटींसाठी, म्हणजे पिक्सेलसाठी. मागेपुढे तीन म्हणजे एकूण सहा तास, आणि तेवढ्यात खाडीत अख्खी ओहोटी होऊन जाते. तोंडाशी पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, जो काही फार नाही, तरी तासाभरात पाणी १.८ किलोमीटर सरकतं. सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या चौकटींच्या भाषेत १८० चौकटी. तुम्ही बाटलीत भरलेलं पाणी उपग्रह येईपर्यंत खाडीत पार आत किंवा बाहेर दर्यात गेलेलं होतं.

म्हणून खाडीसाठी माझा नियम अर्ध्या तासाचा. पूर्ण भरतीच्या किंवा ओहोटीच्या टोकाला, पाणी थांबलेलं असताना, एक तास चालेल. या चाळणीतून तुमच्या ३६ जोड्यांतल्या १० उरल्या तरी वाईट वाटून घेऊ नका. त्या १० चा आलेख काढा आणि मगच पुढे बोला.

आता तिप्पट क्लोरोफिलकडे. कुठली पद्धत वापरली ते तुम्ही लिहिलेलं नाही. निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावर बेतलेली असेल, तर उत्तर तिथेच आहे. खुल्या समुद्रात निळा प्रकाश खाणारं मुख्यतः प्लवक, म्हणजे तरंगतं सूक्ष्म शेवाळच असतं, म्हणून निळा कमी झाला की क्लोरोफिल जास्त, हे तिथे चालतं. खाडीत निळा प्रकाश खाणारे आणखी दोघं असतात: तिवरांच्या कुजलेल्या पानांतून उतरलेली पिवळट-तपकिरी विरघळलेली द्रव्यं, आणि जांभ्याची तांबडी माती, जिच्यातलं लोह निळ्यावर तुटून पडतं. गणिताला हा भेद कळत नाही. ते सगळं क्लोरोफिलच्या खात्यावर मांडतं. गढूळ पाण्यात ६६५ आणि ७०५ च्या पट्ट्यांवर चालणारी पद्धत घ्या. सेंटिनेल-२ मध्ये ७०५ चा पट्टा आहे, २० मीटरचा, लॅंडसॅटमध्ये नाही.

पण त्यातही एक खोट आहे, आणि कोकणात ती फार जाणवते. डिसेंबरात खाडीच्या दोन्ही अंगांना हिरवी तिवरं आणि डोंगरउतार असतात. हिरवी पानं ७०० नॅनोमीटरच्या पुढे एकदम उजळतात. तो उजेड हवेत विखुरतो आणि शेजारच्या काळ्या पाण्याच्या चौकटींत सांडतो. पाणी जिथे अरुंद तिथे हे सांडणं जास्त. ७०५ चा पट्टा फुगतो, आणि पद्धत म्हणते शेवाळ आहे. तुमचे तिप्पटवाले ठिपके नकाशावर मांडा. ते काठाजवळ आणि खाडीच्या आतल्या अंगाला गोळा झाले असतील, तर लॅबवर संशय घ्यायचं कारण नाही.

वातावरणाचं शुद्धीकरण, म्हणजे प्रतिमेतून हवेचा उजेड वजा करणं, हा मोठा विषय आहे, इथे एवढंच सांगतो. समुद्रावरून उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या उजेडात ९० टक्क्यांच्या आसपास वाटा हवेचा असतो, पाण्याचा उरलेला. हवा वजा करण्यात थोडी चूक झाली की पाण्यात मोठी होते. तयार मिळणारी ‘लेव्हल-२ए’ प्रतिमा जमिनीसाठी बनवलेल्या शुद्धीकरणातून येते. पाण्यासाठी ‘अॅकोलाइट’ किंवा ‘सी-टू-आर-सी-सी’ ही सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही फुकट आहेत. दोन्ही चालवा. दोघांचं उत्तर दुपटीने वेगळं आलं, तर त्या दिवसाची प्रतिमा त्या कामाची नव्हती असं समजा. आणि मार्चनंतर काम लांबलं तर सूर्याची चकाकी येते. एप्रिल-मेमध्ये अकरा वाजता सूर्य इतका वर असतो की लाटांवरून उजेड सरळ कॅमेऱ्यात जातो. तुम्ही हिवाळा निवडलात ते बरं केलंत.

आता गाइडांच्या ‘लॅबचं खरं’ कडे. इथे मला माझीच एक गोष्ट सांगायला हवी. एका प्रकल्पात आमचा तरंगता गाळ सगळ्या ठिकाणी लिटरला ३०-४० मिलिग्रॅमने जास्त यायचा, अगदी बाहेरच्या निळ्या पाण्यातही. आम्ही दोन महिने उपग्रहाला दोष देत होतो. दोष फिल्टर धुण्यात होता. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ. गाळून झाल्यावर फिल्टरमध्ये अर्धा मिलीलिटर जरी खारं पाणी राहिलं, तरी ते वाळून साडेसतरा मिलिग्रॅम मीठ उरतं. तुम्ही अर्धा लिटर पाणी गाळलं असेल, तर लिटरला ३५ मिलिग्रॅम गाळ फुकटचा वाढला. उपाय कंटाळवाणा आहे: ऊर्ध्वपातित पाण्याने तीन-चार वेळा धुवा, पकडीखाली दबलेली फिल्टरची कडसुद्धा धुवा, आणि दर फेरीत दोन कोरे फिल्टर त्याच सगळ्या सोपस्कारांतून काढून वजन करा. कोऱ्या फिल्टरचं वजन वाढलं की समजा मीठ राहतंय.

क्लोरोफिलचं उलट. तिथे चूक कमी दाखवण्याकडे झुकते. होडीच्या फळीवर उन्हात ठेवलेली बाटली, बर्फ वितळलेली पेटी, दोन दिवसांनी गाळणं, ॲसिटोनमध्ये पुरेसा वेळ न ठेवणं. क्लोरोफिल उडतं आणि तुम्हाला कळतही नाही. नमुना अंधारात, बर्फावर ठेवून त्याच दिवशी ०.७ मायक्रॉनच्या काचतंतू फिल्टरवर गाळायला हवा, ९० टक्के ॲसिटोनमध्ये थंडीत, अंधारात रात्रभर ठेवायला हवा, आणि ७५० नॅनोमीटरचं वाचन वजा करायला हवं. तुमचं तिप्पट हे काही अंशी लॅबचं कमी असूही शकतं. तपासायचा सोपा मार्ग: एकाच ठिकाणच्या पाण्याच्या तीन बाटल्या करा, एक लगेच गाळा, एक संध्याकाळी, एक दुसऱ्या दिवशी. तुमच्या हातचा ऱ्हास तुम्हाला कळेल.

पाण्यात सोडून प्लवकांच्या चमकेवरून क्लोरोफिल मोजणारा प्रोब वापरला असेल तर आणखी एक. भर उन्हात प्लवकं आपली चमक आवरून धरतात, त्यामुळे अकरा-बाराच्या उन्हात पृष्ठभागाजवळ प्रोब क्लोरोफिल कमी दाखवतो. उपग्रह नेमका त्याच वेळी वरून जात असतो. गढूळपणाच्या मीटरमध्येही दोन जाती आहेत. पांढऱ्या दिव्याचा मीटर गढूळपणा एनटीयू या एककात देतो, ८६० नॅनोमीटरच्या अवरक्त दिव्याचा एफएनयू या एककात. आकडे जवळपास असतात, सारखे नसतात. उपग्रहाची बरीच सूत्रं एफएनयूवर बसवलेली आहेत.

खोलीचंही पाहा. उपग्रहाला दिसतो तो वरचा थर. पारदर्शकता मोजायला पाण्यात सोडलेली पांढरी सेकी चकती एका मीटरवर दिसेनाशी होत असेल, तर उपग्रहाकडे जाणाऱ्या उजेडातला ९० टक्के वाटा वरच्या पाऊण मीटरच्या आतूनच येतो. दोन मीटरवरून बाटली भरली असेल तर ते पाणी त्याने पाहिलेलंच नाही. मार्च ते मेच्या दरम्यान रत्नागिरी ते गोवा किनाऱ्यावर ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्म शेवाळाचे भुशासारखे पट्टे येतात ते तर अगदी वरच तरंगतात. होडीच्या धक्क्याने पट्टा बाजूला सरतो, बाटलीत स्वच्छ पाणी येतं, आणि प्रतिमेत शेवाळच शेवाळ. अशा दिवशी मी उपग्रहावर विश्वास ठेवतो, माझ्या बाटलीवर नाही. तारकर्लीसारख्या ठिकाणी याच्या उलट: पाणी इतकं नितळ की तळाची पांढरी वाळू दिसते, आणि गणित तिला गाळ समजतं.

मित्राच्या मशीन लर्निंगबद्दल एकच वाक्य: ३६ ठिपक्यांवर ते नक्की जुळेल, आणि ३७ व्यावर तोंडघशी पाडेल. आकडेवारीत एवढं करा. दोन्ही आकड्यांचा लॉग घ्या, कारण क्लोरोफिल पटीत बदलतं. आर-वर्गाऐवजी उपग्रह भागिले लॅब या गुणोत्तराचा मध्यक द्या, त्याचा पसारा द्या. आणि साधी सरळ रेष बसवताना आपण आडव्या अक्षावरचा आकडा बिनचूक धरतो. इथे दोन्ही अक्ष चुकतात, तेव्हा दोन्हीकडची चूक धरणारी रेष घ्या. आर-वर्ग तर तुम्ही खाडीचा किती विस्तार मापलात त्यावर नाचतो. सगळे नमुने लिटरला ३ ते ६ मायक्रोग्रॅमच्या मध्ये असतील तर देवही ०.९ आणू शकत नाही.

बाकी काही गोष्टी उपग्रहाकडे मागूच नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत अंघोळीच्या किनाऱ्याचं पाणी, म्हणजे एसडब्ल्यू-२ वर्ग, यासाठी विष्ठाजन्य जिवाणू १०० मिलीलिटरला १०० च्या आत, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, बीओडी (जैविक प्राणवायू मागणी) ३ च्या आत आणि गढूळपणा ३० एनटीयूच्या आत लागतो. यातला गढूळपणाच काय तो वरून दिसतो. जिवाणू, प्राणवायू, नायट्रेट यांना रंग नसतो. ‘उपग्रहावरून बीओडी’ असे लेख येतात. त्यांत बहुधा गढूळपणाच वेगळ्या नावाने विकलेला असतो. उलट बाटलीला न जमणारं उपग्रहाला जमतं: गाळाची जीभ कुठपर्यंत गेली, दोन पाण्यांची शीव कुठे आहे, तुमची १२ ठिकाणं त्या शिवेच्या कुठल्या बाजूला पडली. एकाच दिवसात ओहोटी उलगडताना पाहायची असेल, तर भूस्थिर कक्षेतला, म्हणजे एकाच भागावर खिळून राहणारा उपग्रह हवा. कोरियाने २०१० मध्ये तसा सोडला होता, दिवसाला आठ प्रतिमा देणारा, पण ५०० मीटरच्या चौकटींचा आणि त्यांच्याच समुद्रापुरता. आपल्या खाडीत तो असता तरी मावला नसता.

पुढच्या फेरीला ही वेळ पकडा. १२ ठिकाणी धावू नका. भरती-ओहोटीच्या कोष्टकातून उपग्रहाच्या फेरीच्या दिवसांत एक दिवस असा निवडा की अकरा वाजता पाणी थांबलेलं असेल, आणि एक असा की ते जोरात वाहत असेल. दोन्ही दिवशी काठापासून निदान दीडशे मीटर लांब, खाडीच्या मध्यावर नांगर टाका आणि साडेनऊ ते साडेबारा दर १५ मिनिटांनी एक नमुना घ्या. वरच्या अर्ध्या मीटरातून. दर वेळी चकती टाका, मोबाइलमध्ये जागेचे आकडे टिपा, होडी नांगरावर फिरते तेही. तेरा नमुने होतील. त्यांचा आपसांतला फरक किती येतो ते आधी मांडा. त्याहून कमी फरकाने उपग्रह जुळला तर ती नशिबाची गोष्ट, आणि तेवढ्याच फरकाने नाही जुळला तर ती त्याची चूक नव्हे. वाहत्या पाण्याच्या दिवशी तो फरक दुप्पट आला, तर तुमच्या जुन्या आलेखातला विखुरलेपणा कुठून आला याचं उत्तर गाइडांना त्याच कागदावर दाखवता येईल. होडीवाल्याला आदल्या दिवशी फोन करा, आणि तारीख नाही, तिथी सांगा.